मराठी संकेतस्थळ आणि शोधयंत्र : लिपी, शब्दरूप, शीर्षक

ग्रंथालयातील एखादे पुस्तक चुकीच्या फडताळात ठेवले गेले, तर ते ग्रंथालयाच्या मालकीचे राहते आणि दाखलनोंदवहीतही त्याची नोंद असते. परंतु वाचकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांपैकी चौथे सूत्र वाचकाच्या वेळेच्या बचतीविषयी आहे. संग्रह मोठा असणे आणि संग्रहातील इष्ट वस्तू वाचकाच्या हाती लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्यांनी आपली वर्गीकरणपद्धती रचली.

आज विद्यापीठीय विभागांची नियतकालिके, प्रबंधसूची आणि व्याख्यानांची टिपणे संकेतस्थळांवर ठेवली जातात. हे कार्य स्तुत्य आहे यात संशय नाही. तथापि ठेवलेले साहित्य सापडते की नाही, याचा विचार क्वचितच होतो. पदव्युत्तर विद्यार्थी विषय निवडताना प्रथम शोधयंत्राकडे वळतो. तेथे काही आढळले नाही, तर ‘या विषयावर मराठीत फारसे काम झालेले नाही’ असे वाक्य त्याच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात उतरते. वस्तुतः चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी गावोगाव हिंडून त्याच विषयाची सामग्री गोळा केलेली असते आणि ती एखाद्या विभागाच्या संकेतस्थळावर पडूनही असते. अशा रीतीने एका अभ्यासकाचे श्रम वाया जातात आणि दुसऱ्याचे श्रम पुनरुक्तीत खर्ची पडतात.

हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत हा प्रश्न बह्वंशी भाषेचा आहे. कोणता शब्द, कोणत्या रूपात, कोणत्या लेखनात आणि पृष्ठावर कोणत्या जागी ठेवावा, हा निर्णय भाषेचे ज्ञान असणाऱ्याने घ्यावयाचा असतो. स्पष्टीकरणासाठी एकच उदाहरण समोर ठेवू. समजा, एका विभागाच्या संकेतस्थळावर वऱ्हाडी बोलीविषयी एक लेख आहे आणि एक विद्यार्थी तो शोधत आहे. या दोघांची गाठ कोठे कोठे चुकू शकते, ते क्रमाने पाहू.

१. शोधयंत्राचे कार्य

शोधयंत्राच्या कार्याचे तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा संचाराचा. शोधयंत्राचा क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठावर जातो आणि तेथील मजकूर आपल्याकडे उतरवून घेतो. ज्या पृष्ठाकडे कोणताही दुवा जात नाही, ते त्याला सहसा सापडत नाही. ‘वर्ष निवडा, अंक निवडा आणि बटण दाबा’ अशा चौकटीमागे जर सर्व लेख ठेवलेले असतील, तर मनुष्य ते बटण दाबील. परंतु क्रॉलर असे प्रपत्र भरून पुढे जाईल, यावर विसंबता येत नाही. यास्तव प्रत्येक लेखापर्यंत साध्या दुव्यांची वाट असणे ही पहिली आवश्यकता होय. सर्व पृष्ठांच्या पत्त्यांची यादी ‘साइटमॅप’ नावाच्या धारिकेत देण्याची पद्धत २००५ पासून रूढ झाली आहे. अशा एका धारिकेत ५०,००० पर्यंत पत्ते मावतात. कोणत्याही विभागाला तेवढे पुरेसे आहे. याउलट, क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची धारिकाही असते. हा संकेत १९९४ पासून चालत आला आहे. संकेतस्थळ उभारले जात असताना सर्वांना मज्जाव करणारी ओळ तेथे घातली जाते आणि काम पूर्ण झाल्यावर ती काढण्याचे राहून जाते, असे घडू शकते. अशा वेळी संकेतस्थळ उत्तम चालत असूनही क्रॉलर त्यातील काहीच वाचत नाही.

दुसरा टप्पा सूचीकरणाचा. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात. शोधयंत्राची सूची मुळात याच जातीची, फक्त तिचा विस्तार अफाट असतो. ‘बोली’ हा शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आहे, हे तीत आधीच नोंदलेले असते. प्रश्न विचारला जातो तेव्हा शोधयंत्र सारे महाजाल धुंडाळत नाही. ते ही सूची पाहते. जे सूचीत नाही ते उत्तरातही नाही.

तिसरा टप्पा क्रमनिश्चितीचा. या बाबतीत दोन कल्पना मूलभूत ठरल्या. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली असे दाखविले की, जो शब्द थोड्याच लेखांत येतो तो शोधाच्या दृष्टीने अधिक निर्णायक असतो. ‘भाषा’ हा शब्द आमच्या विभागाच्या प्रत्येक पृष्ठावर येतो, म्हणून त्याने काहीच वेगळे काढता येत नाही. ‘वऱ्हाडी’ हा शब्द थोड्या पृष्ठांवर येतो, म्हणून तो मोलाचा. दुसरी कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली मांडली. ज्या पृष्ठाचा निर्देश इतर प्रतिष्ठित पृष्ठे दुव्यांद्वारे करतात, त्या पृष्ठाला अधिक महत्त्व द्यावे, असे तिचे सार होय. विद्वत्क्षेत्रात परस्परांच्या लेखांचे निर्देश करण्याच्या रूढीशी तिचे साम्य उघड आहे. आजची शोधयंत्रे यांखेरीज इतर अनेक गमके विचारात घेतात. परंतु मजकूर वाचता येणे आणि त्यातील शब्द ओळखता येणे, ही पूर्वअट कायमच आहे.

२. दिसणारे अक्षर आणि साठविलेले अक्षर

मराठी मजकुराची पहिली अडचण येथेच उद्भवते. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकाने साठविलेले अक्षर एकच असते, असे नाही. युनिकोड ही प्रमाणव्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग राखून ठेवण्यात आला. तथापि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडील छपाईचे काम जुन्या टंकांत होत राहिले. या टंकांत संगणक रोमन अक्षरेच साठवतो. केवळ त्यांचे चित्र देवनागरी असते. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात ‘मराठी’ हा शब्द उमटतो तेव्हा संगणकाच्या लेखी तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. मनुष्य मराठी वाचतो आणि शोधयंत्राला एक निरर्थक रोमन अक्षरमाला दिसते. अशा टंकात जुळविलेला अंक जसाच्या तसा संकेतस्थळावर ठेवला, तर त्यातील एकही शब्द मराठी म्हणून सूचीत जाणार नाही.

जुन्या अंकांची छायाचित्रे घेऊन ती पीडीएफ रूपात ठेवणे ही याच अडचणीची दुसरी बाजू. चित्रात अक्षरे नसतात, अक्षरांची आकृती असते. काही शोधयंत्रे अशा चित्रांतून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात. परंतु खिळ्यांनी जुळविलेल्या, पुसट छपाईतील जोडाक्षरांच्या बाबतीत त्यांचा निर्वाळा बेभरवशाचा असतो. तिसरी बाजू अधिक फसवी आहे. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असला तरी पीडीएफ तयार होताना ऱ्हस्व इकार आपल्या व्यंजनापासून सुटतो किंवा जोडाक्षर फुटते, आणि पडद्यावर याचे काहीच चिन्ह दिसत नाही. याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील दोन ओळी उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवाव्यात. तेथे जे दिसेल, तेच शोधयंत्राला दिसते असे समजण्यास हरकत नाही.

युनिकोड वापरले की सर्व काही सुरळीत होते, असेही नाही. आपल्या उदाहरणातील ‘वऱ्हाडी’ हा शब्दच घ्या. त्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र संकेतांक असलेला ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह येते. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरास अक्षर जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामला ते दोन निराळे शब्द वाटतात. त्यात पुन्हा घाईने टंकलेखन करणारा अभ्यागत साधा रफार देऊन ‘वर्हाडी’ असे लिहितो, ते तिसरे रूप. ‘ॲ’ या स्वराचीही हीच कथा आहे. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिला जात असे, आणि कोणी ‘ऍ’ हेही चिन्ह वापरीत. ग्रंथ आणि ग्रन्थ, पंडित आणि पण्डित ही द्वैते तर आपल्या परिचयाचीच आहेत. विभागाने यांपैकी एक लेखन निश्चित करून सर्व पृष्ठांवर तेच पाळावे, आणि आपल्या संकेतस्थळावरील अंतर्गत शोधचौकटीला ही सर्व रूपे समान मानण्यास शिकवावे, एवढे त्याच्या हाती निश्चित आहे.

३. सामान्यरूपाचा प्रश्न

मराठीच्या अभ्यासकाला विशेष जिव्हाळा वाटावा असा भाग हा आहे. मोल्सवर्थच्या कोशात १८३१ पासून आजतागायत शब्द शोधणारा वाचक एक व्याकरणिक क्रिया स्वतःच करीत आला आहे. ‘पाण्यासाठी’ हा शब्द अडला तर तो ‘पाणी’ या पदाखाली पाहतो. ‘देवळात’ अडला तर ‘देऊळ’ पाहतो. प्रत्यय सोडविणे, सामान्यरूपावरून मूळ रूप ओळखणे आणि मग कोश उघडणे, ही तीन कामे वाचकाच्या मनात क्षणार्धात होतात. शोधयंत्राच्या सूचीला ती आपोआप येत नाहीत.

हिंदीशी तुलना केली असता अडचणीचे स्वरूप स्पष्ट होईल. हिंदीतही सामान्यरूप आहे. परंतु तेथे नामाला लागणारे विभक्तिचिन्ह सुटे लिहिण्याची रूढी आहे. ‘पानी में’, ‘पानी के लिए’, ‘पानी से’ या तिन्ही ठिकाणी ‘पानी’ हा शब्द अभंग राहतो व सूचीत एकाच ठिकाणी जातो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय दोन्ही नामाला जोडून लिहिली जातात आणि नामाचे अंत्याक्षरही पालटते. पाण्याला, पाण्याने, पाण्यात, पाण्याचा, पाण्याची, पाण्याचे, पाण्याच्या, पाण्यावर, पाण्याखाली, पाण्यासाठी, पाण्यामुळे अशी मालिका तयार होते. आणि तिला ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ जोडले की ती दुप्पट-तिप्पट होते. यांपैकी एकाही रूपात ‘पाणी’ ही अक्षरे त्याच क्रमाने येत नाहीत.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे शब्दाचा केवळ आरंभीचा भाग जुळवून पाहणे. परंतु ‘पाण’ एवढाच भाग घेतला तर पाण्याबरोबर पाणिनीही हाती लागतो. मुळाकडे परत जाणेही नेहमी निःसंदिग्ध नसते. ‘मुलाला’ हे रूप ‘मूल’ या नपुंसकलिंगी नामाचे आहे आणि ‘मुलगा’ या पुल्लिंगी नामाचेही आहे. कोणते ते संदर्भच सांगतो. मोठी शोधयंत्रे या बाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे गेली आहेत. गूगलने २०१९ साली वाक्याच्या संदर्भातून शब्दाचा अर्थ जाणण्याची पद्धत आपल्या शोधात आणली. तथापि विभागीय संकेतस्थळांवर जी शोधचौकट असते, ती पुष्कळदा निव्वळ अक्षरसाम्य पाहणारी असते. आणि आपल्या संकेतस्थळावर आलेला वाचक प्रथम तीच वापरतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. अभ्यागत शोध घेताना बहुधा कोशातील रूप लिहितो. ‘उखाणा’ किंवा ‘उखाणे’ असे तो लिहील, ‘उखाण्यांतील’ असे सहसा लिहिणार नाही. म्हणून पृष्ठाच्या शीर्षकात, उपशीर्षकात अथवा सारांशाच्या पहिल्या वाक्यात विषयवाचक शब्द एकदा तरी प्रथमेच्या मूळ रूपात आला पाहिजे. ‘उखाण्यांतील स्त्रीजीवन’ हे शीर्षक मराठी म्हणून निर्दोष आहे. परंतु त्याखाली ‘उखाणा : प्रकार, रचना आणि सामाजिक संदर्भ’ अशी एक ओळ घातली, तर लेखाला मराठीच्या कोणत्याही शोधचौकटीत दार उघडे होते. ‘ओव्यांमधून’, ‘म्हणींच्या’, ‘कोड्यांचा’ अशा शब्दांनी आरंभ होणाऱ्या शीर्षकांना हाच न्याय लावावा.

भाषाशास्त्र विभागाने याहून अधिक करावे अशी अपेक्षा आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे ‘घोडा, घोड्या-’, ईकारान्त नपुंसकलिंगी नामाचे ‘पाणी, पाण्या-’, एकारान्त नामाचे ‘गाणे, गाण्या-’, तसेच ‘माणूस, माणसा-’ व ‘देऊळ, देवळा-’ यांसारखी उपान्त्य स्वरात बदल होणारी नामे, यांचे नियम आपल्या व्याकरणग्रंथांत दीर्घकाळ नोंदलेले आहेत. त्यांची अपवादांसह एक सारणी तयार करून संकेतस्थळाच्या शोधाला जोडणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एका सत्राचा उत्तम प्रकल्प होऊ शकेल. व्याकरणाचा नियम पुरेसा आहे की नाही, याची परीक्षाही त्यातून आपोआप होईल. कारण यंत्र नियमातील पळवाट वाचकाप्रमाणे समजुतीने भरून काढीत नाही.

४. शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे लेखन

आपल्या जुन्या अंकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम १९६२ साली आले व १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या लेखनात व्युत्पत्तिजन्य अनुच्चारित अनुस्वार दिले जात. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘मराठींतील’ ही त्या काळची शिष्टसंमत रूपे होत. ‘ध्वनि’, ‘पद्धति’, ‘व्युत्पत्ति’ हे तत्सम शब्दही ऱ्हस्वान्त लिहिले जात. आजचा विद्यार्थी ‘ध्वनी’ असे लिहून शोधतो, त्यामुळे जुना लेख सुटतो. इतकेच नव्हे, तर आजच्या नियमांप्रमाणेही समासात पूर्वपदाचा इकार ऱ्हस्वच राहतो. म्हणून ‘ध्वनी’ लिहून शोधणाऱ्याला ‘ध्वनिविचार’ मिळत नाही आणि ‘व्युत्पत्ती’ लिहून शोधणाऱ्याला ‘व्युत्पत्तिशास्त्र’ मिळत नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. जुन्या लेखांचे शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणे ‘सुधारून’ ते संकेतस्थळावर ठेवावे, असे कोणी सुचवील. ते लेख स्वतःच भाषेच्या इतिहासाची साधने आहेत. त्यांना हात लावणे म्हणजे पुरावा पुसणे होय. मूळ मजकूर अक्षरशः जसा आहे तसाच ठेवावा. त्याच्या वर मात्र विभागाने स्वतःचे नोंदपत्र जोडावे. लेखाचे शीर्षक मूळ व आजच्या लेखनात, लेखकाचे नाव, खंड, अंक, वर्ष, चार-पाच वाक्यांचा सारांश आणि विषयवाचक शब्द एवढी माहिती त्यात असावी. हस्तलिखिताचा संपादक मूळ संहिता कायम राखून पाठभेद टिपेत देतो, त्यातलाच हा प्रकार आहे. जुने आणि नवे असे दोन्ही लेखन एकाच पृष्ठावर आल्याने वाचक कोणत्याही रूपाने आला तरी त्याला वाट मिळते.

विषयवाचक शब्द ठरविताना पर्यायी संज्ञांचा विचार अवश्य करावा. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचे नमुने आहेत. तेथे वऱ्हाडी आणि नागपुरी यांचा निर्देश वेगवेगळा आहे. आज कोणी ‘वैदर्भी’ असे लिहून शोध घेईल. या संज्ञा समानार्थी आहेत की नाहीत, हा शास्त्रीय वादाचा विषय असू शकतो; परंतु शोधणाऱ्याने यांपैकी कोणतीही लिहिली तरी त्याला लेखापर्यंत नेणे हे नोंदपत्राचे काम आहे. लेखकनामांचेही असेच आहे. वि. का. राजवाडे आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ही दोन्ही रूपे नोंदीत असावीत.

५. शीर्षक, दुवा आणि पत्ता

आपल्या नियतकालिकांत ‘काही विचार’, ‘एक टिपण’, ‘पुनर्विचार’ अशी शीर्षके देण्याची विनयशील परंपरा आहे. छापील अंकात ती शोभते, कारण अंक हाती घेतलेल्या वाचकाला विषयाचा संदर्भ आधीच असतो. शोधाच्या उत्तरांत मात्र शीर्षक एकटेच, कोणत्याही संदर्भाविना वाचकासमोर येते. वऱ्हाडीवरील लेखाला ‘मातीचा गोडवा’ असे नाव असेल, तर शंभर उत्तरांतून तो उघडण्याचे कारण कोणालाच सापडणार नाही. लेखकाचे शीर्षक बदलू नये. परंतु पृष्ठनामात ‘वऱ्हाडी बोली : नामाचे सामान्यरूप आणि विभक्तिप्रत्यय’ असा खुलासा जोडावा. लांब नावे उत्तरांच्या यादीत छाटली जातात, म्हणून महत्त्वाचा शब्द आरंभी असावा. संकेतस्थळावरील सर्व पृष्ठांना ‘मराठी विभाग’ हे एकच पृष्ठनाम दिले, तर ते सर्व ग्रंथांच्या कण्यांवर ग्रंथालयाचेच नाव छापण्यासारखे होय.

संपूर्ण अंकाची एकच पीडीएफ न ठेवता प्रत्येक लेखाला स्वतंत्र पृष्ठ व स्वतंत्र धारिका द्यावी. २००४ साली सुरू झालेल्या गूगल स्कॉलर या विद्वत्साहित्याच्या शोधसेवेचीही अपेक्षा अशीच आहे. लेखाचे शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष पृष्ठाच्या आतील ठराविक खुणांत दिल्यास ती ते अचूक नोंदते. याच आतील भागात ‘कीवर्ड’ची एक खूण असते आणि तीत शंभर शब्द कोंबण्याची चाल एके काळी होती. गूगलने २००९ साली जाहीर केले की, पृष्ठांचा क्रम लावताना ही खूण ते विचारात घेत नाही. विषयवाचक शब्द वाचकाला दिसतील असे मजकुरातच द्यावेत. वाचकापासून लपवून यंत्रासाठी लिहिलेला मजकूर सद्भावनेचा मानला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

दुव्याचे शब्दही अर्थपूर्ण असावेत. ‘येथे टिचकी मारा’ असा दुवा कोठे नेतो हे वाचकाला कळत नाही आणि शोधयंत्रालाही कळत नाही. दुव्याच्या शब्दांवरून ते पुढील पृष्ठाच्या विषयाचा अंदाज बांधीत असते. ‘वऱ्हाडी बोलीतील विभक्तिप्रत्यय : संपूर्ण लेख’ असा दुवा दोघांनाही उपयोगी पडतो. दृष्टिहीन वाचक पडदावाचकाच्या साहाय्याने पृष्ठातील केवळ दुवे ऐकत जातो, तेव्हा अशा दुव्यांचे मोल विशेष जाणवते. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे ‘एमआर’ या द्व्यक्षरी संकेताने आत नोंदवावे. गूगल भाषा ओळखण्यासाठी या खुणेवर अवलंबून राहत नाही. परंतु पडदावाचकाला उच्चार निवडण्यास आणि काही टंकांना मराठी वळणाचे ल व श दाखविण्यास तिचा उपयोग होतो.

पत्त्याविषयी दोन शब्द. देवनागरी पत्ता आता शक्य आहे. तथापि एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी दाखविला जातो; त्यामुळे ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द पत्रातून पाठविताना ४५ चिन्हांची न वाचता येणारी माळ होऊन बसतो. लहान, रोमन लिपीतील व कायम टिकणारा पत्ता बरा. संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले म्हणजे जुने पत्ते मोडतात आणि इतरांच्या प्रबंधांतील निर्देश निर्जीव होतात. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे आपोआप नेण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे. ती न करणे ही हलगर्जी आहे.

६. अभ्यागताची वाट

शोधयंत्र अभ्यागताला एखाद्या आतल्या पृष्ठावर आणून सोडते. मुखपृष्ठावरून तो येईलच असे नाही. म्हणून प्रत्येक पृष्ठावर हा लेख कोणत्या नियतकालिकाचा, कोणत्या वर्षाचा आणि याच विषयावरील आणखी लेख कोठे आहेत, हे दिसले पाहिजे. ‘प्रकाशने, नियतकालिक, खंड, अंक’ ही वाट संपादकाला सोयीची आहे. वाचकाला खंडाचा क्रमांक ठाऊक नसतो. लेखक, विषय आणि वर्ष अशा तीन वाटांनी प्रत्येक लेखापर्यंत जाता यावे. अनेक विद्यार्थी दूरध्वनीच्या लहान पडद्यावरच वाचतात आणि गूगलही आता पृष्ठाची मोबाइलवरील आवृत्ती प्रमाण धरून सूची करते. तेव्हा तेथे मजकूर अपुरा दिसत असेल, तर तो दोघांच्याही लेखी अपुराच आहे.

अंतर्गत शोधचौकटीत अभ्यागत जे शब्द लिहितात आणि ज्यांना उत्तर मिळत नाही, त्यांची यादी कोणाचीही ओळख न नोंदविता जपून ठेवावी. रोमन लिपीत लिहिलेली मराठी, बोलीतील रूपे, आजच्या विद्यार्थ्यांना सुचणाऱ्या संज्ञा या सर्वांचे ते आयते भांडार आहे. नोंदपत्रांत कोणते शब्द घालावयाचे राहिले, हे त्यावरून कळेल. शिवाय भाषिक अभ्यासाला एक नवे साधन मिळेल.

७. एक आक्षेप

यंत्रे दिवसेंदिवस अधिक जाणती होत आहेत, मग हा सर्व खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत रचून देणारे प्रोग्रामही आज प्रचारात आले आहेत, हे खरेच आहे. परंतु अशी यंत्रे जे जाणतात, ते उपलब्ध मजकुरावरूनच जाणतात. इंग्रजी मजकूर विपुल असल्याने तेथे एखादे पृष्ठ सदोष राहिले तरी फारसे बिघडत नाही. मराठीतील विद्वत्साहित्य मुळात थोडे; त्यातील बराच भाग चित्ररूपात किंवा रोमन अक्षरांच्या जंजाळात अडकलेला असेल, तर यंत्राच्या लेखी मराठीत या विषयांवर काही लिहिलेच गेले नाही, असा अर्थ होतो. मग मराठी बोलींविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते इतर भाषांतील त्रोटक उल्लेखांवरून देते, आणि ज्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन सामग्री जमविली त्यांचे नावही त्यात येत नाही.

यास्तव विभागांनी आपल्या कामाचा क्रम पुढीलप्रमाणे लावावा असे सुचवावेसे वाटते. प्रथम प्रत्येक लेखाचे युनिकोडमधील नोंदपत्र तयार करावे. संपूर्ण अंक पुन्हा टंकलिखित होईपर्यंत यासाठी थांबू नये. नंतर प्रत्येक नोंदपत्राला स्वतंत्र, कायम पत्ता द्यावा आणि लेखक, विषय व वर्ष यांच्या साध्या सूचींतून त्याकडे दुवे न्यावेत. त्यानंतर जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर करावे व चित्ररूप अंकांतील अक्षरे ओळखवून ती तपासून घ्यावीत. यांतील पहिल्या कामाला संगणकतज्ज्ञ लागत नाही. लेख वाचून त्याचा विषय नेमक्या शब्दांत सांगू शकणारा माणूस लागतो, आणि अशी माणसे प्रत्येक मराठी विभागात आहेत. एका विद्यार्थ्याने आठवड्याला पाच नोंदपत्रे केली, तरी एका शैक्षणिक वर्षात दीडशेच्या आसपास लेख पुन्हा वाचकांच्या आटोक्यात येतील.